चार तासांचं ऊन आणि बारा कुंड्या

आमची गॅलरी १० फूट लांब, ४ फूट रुंद. तोंड पूर्वेला. समोरच्या इमारतीच्या टाकीमागून सूर्य वर यायला साडेसात वाजतात आणि साडेअकराला ऊन ग्रीलबाहेर निघून जातं. हातात राहतात चार तास. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एवढं मिळालं तरी नशीब म्हणायचं.

सुरुवातीला वाटणी अगदी न्यायाने केली होती. आईला देवपूजेला फुलं हवीत, मला चटणीला मिरची-कोथिंबीर. कुंड्या बारा, सहा तिच्या आणि सहा माझ्या. तिचे जास्वंद, मोगरा आणि गुलाब ग्रीलला लागून ठेवले, कारण फुलं खालून दिसायला हवीत. ग्रीलवर गोकर्णाचा वेल सोडला. दोन महिन्यांत सगळं ग्रील निळ्या फुलांनी भरलं, शेजारी कौतुक करू लागले, आणि मागच्या रांगेतल्या माझ्या मिरच्या काटकुळ्या होऊन उजेडाकडे माना काढून उभ्या. टोमॅटो एकच आला, सुपारीएवढा.

पुढच्या वर्षी कुंड्यांची वाटणी मोडीत काढली आणि उन्हाची वाटणी केली. तेव्हापासून गॅलरीतली भांडणं थांबली. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी तीच रीत इथे क्रमाने देतो.

आधी खडू, मग नर्सरी

रोपं आणायच्या आधी एक सुट्टीचा दिवस घालवा. सकाळी ८, १०, १२, दुपारी २ आणि ४ वाजता गॅलरीत जाऊन ऊन जिथवर पोचलंय तिथे फरशीवर खडूने रेघ मारा आणि वेळ लिहा. संध्याकाळी नकाशा तयार होतो: कुठे चार तास, कुठे दोन, कुठे नुसताच उजेड.

हे करताना एक गोष्ट हमखास नजरेत भरेल. गॅलरीचा कठडा विटांचा किंवा काँक्रीटचा असेल तर त्याच्या पायाशी, म्हणजे जिथे आपण कुंड्या ठेवणार असतो तिथेच, सावली असते. कुंडीखाली चार विटा किंवा लोखंडी स्टँड घेतला, की त्याच जागेला दीड-दोन तास जास्त ऊन मिळतं. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च स्टँडवर करा. फक्त कुंड्या कठड्याच्या बाहेर टांगू किंवा कठड्यावर नुसत्या ठेवू नका. वळवाच्या वाऱ्यात कुंडी खाली गेली तर काय होईल याचा विचार पुरे.

दिशेप्रमाणे हिशोब बदलतो. पूर्वेचं ऊन कोवळं असतं, नवशिक्याला तेच बरं. पश्चिमेला दुपारचं ऊन मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये तिथे पालेभाजी करपते, पण मोगरा, बोगनवेल आणि ऑफिस टाइमची फुलझाडं खूश असतात. दक्षिणेच्या गॅलरीत गंमत आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन थेट आतल्या दारापर्यंत येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि ऊन ग्रीलच्या कडेपुरतं उरतं. उत्तरेची गॅलरी वर्षातला बहुतेक काळ सावलीत असते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर), दुसरा येतो जुलैच्या अखेरीस, आणि या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. पण त्यातला बराच काळ ढगच असतात. उत्तरवाल्यांनी मिरचीचा हट्ट सोडून पुदिना, अळू आणि सावलीतली फुलं यांत सुख मानावं. म्हणूनच खडूचं काम एकदा करून भागत नाही. मेमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा, वर्षातून दोनदा रेघा मारायच्या.

कोणाला किती ऊन लागतं

फळ धरणाऱ्या भाजीला सगळ्यांत जास्त लागतं. टोमॅटो, वांगी, काकडी यांना सहा तास तरी हवेत. मिरची आणि चेरी टोमॅटो चार तासांवर भागवतात. मोगरा, गुलाब, जास्वंद, झेंडू आणि शेवंती याच वर्गातले, म्हणजे पहिल्या रांगेसाठी भांडण यांच्यातच आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ, चुका यांचं तीन तासांत होतं. अबोली आणि तेरडा अर्ध्या उन्हात नीट फुलतात. पुदिना, पानओवा आणि भाजीचं अळू यांना उजेड आणि तासभर कोवळं ऊन पुरतं.

आता खाण्याचं काय लावायचं ते ठरवताना भाजीवाल्याकडे बघा. कांदा, बटाटा, कोबी गॅलरीत लावण्यात राम नाही. एक कोबी तीन महिने कुंडी अडवून बसतो. जे चिमूटभर लागतं आणि ताजंच चांगलं लागतं ते लावा: मिरची, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं. कढीपत्त्याचं झाड सोसायटीच्या आवारात असेल, तर त्यासाठी कुंडी आणि ऊन खर्चू नका. फुलांनाही हाच नियम. रोज एक-दोन वेचायला मिळतील अशी झाडं घ्या. वर्षातून पंधरा दिवस फुलणारं आणि साडेअकरा महिने जागा खाणारं झाड छोट्या गॅलरीला परवडत नाही.

आमच्याकडे आज अशी मांडणी आहे. ग्रीलजवळ सात कुंड्या: दोन मिरच्या, एक मोसमी फळभाजी, एक मोसमी फूल, मोगरा, जास्वंद आणि गोकर्ण. मागे तीन: पालेभाजीचे दोन क्रेट आणि अबोली. धुण्याच्या मशीनशेजारच्या कोपऱ्यात दोन: पुदिना आणि अळू. खाण्याच्या सात, फुलांच्या पाच. तुळस यात धरलेली नाही. ती घरची माणूस, तिची जागा आधीच ठरलेली असते.

उंच झाडं उत्तरेच्या टोकाला ठेवा. पूर्वेला उगवलेला सूर्य वर चढताना वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे उत्तरेच्या टोकाला असलेल्या गोकर्णाची आणि जास्वंदीची सावली इतरांवर कमी पडते. मिरच्या दक्षिणेच्या टोकाला. गोकर्ण ग्रीलवर आडवा पसरू देऊ नका, एका कोपऱ्यात सुतळीवर उभा चढवा. आमच्या पहिल्या वर्षाचा निम्मा घोटाळा एवढ्यानेच टळला असता.

कुंडी आणि माती

पालेभाजीला खोली ६ इंच पुरते, पण पसरट जागा हवी, म्हणून फळवाल्याचा जुना प्लास्टिकचा क्रेट आत गोणपाट किंवा शेडनेट घालून वापरा. मिरचीला १० ते १२ इंची कुंडी, टोमॅटो-वांग्याला १२ ते १४ इंची. मोगरा, जास्वंद १२ इंचीत वर्षानुवर्षं राहतात. वेलभाजीला २० लिटरची रंगाची बादली, स्वच्छ धुऊन. तळाला बोट जाईल एवढी पाच-सहा भोकं पाडा आणि प्रत्येक भोकावर एक खापर ठेवा.

ओल्या मातीने भरलेली १२ इंची कुंडी २० किलोच्या आसपास जाते. अशा सात कुंड्या एका कडेला म्हणजे दीडशे किलोच्या घरात. इमारत जुनी असेल तर जड कुंड्या कठड्याच्या टोकाला न लावता भिंतीकडे घ्या आणि मिश्रण हलकं ठेवा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीचा प्रसार केला, त्यात माती थोडीच आणि उसाचं चिपाड भरपूर असायचं. रसवंतीवाल्याकडे चिपाड फुकट मिळतं. ते वाळवून, तुकडे करून कुंडीच्या तळाला एक तृतीयांश भरलं तर वजन कमी होतं आणि चार-सहा महिन्यांत त्याचंच खत होतं. मुंग्या येतात हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

वरच्या भागासाठी चार भाग माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि दर कुंडीला मूठभर नीमपेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते पाणी ओतून द्या आणि पुन्हा एकदा धुवा, त्यात क्षार असतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, महिनाभर थांबा.

तहान जुळते तेच शेजारी

एका कुंडीत दोन झाडं लावायची, तर नुसतं ऊन जुळून चालत नाही, पाणीही जुळावं लागतं. मोगऱ्याखाली मेथी पेरायचा मोह सगळ्यांना होतो. मेथीला रोज पाणी, मोगऱ्याला फुलांवर येण्याआधी ताण, म्हणजे अगदी कमी पाणी. एकाला सांभाळताना दुसरं बिघडतं. हिवाळ्यात मिरचीच्या बुंध्याशी कोथिंबीर चालते, मिरची मोठी होईपर्यंत कोथिंबीर कापून होते. टोमॅटोच्या मोठ्या कुंडीत कडेला बुटका झेंडू चालतो. पुदिन्याला मात्र एकटाच ठेवा. त्याच्या मुळ्या कुंडीभर पळतात आणि शेजाऱ्याला जगू देत नाहीत.

पाणी घालताना बोट मातीत दोन पेरं घालून बघा. ओल लागली तर थांबा. नवशिक्यांची झाडं तहानेपेक्षा प्रेमाने जास्त मरतात, त्यातही कोकोपीट वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं.

कुंडीखालच्या ताटल्या खालच्या मजल्यावरच्यांसाठी लागतातच. पण त्यांतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून ताटली घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडायला लागते.

कधी काय लावायचं

पहिल्यांदा करत असाल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू करा. पाऊस ओसरलेला असतो, ऊन सुसह्य असतं आणि जे पेराल ते उगवतं. जूनमध्ये उत्साह दांडगा असतो, पण कोथिंबीर-मेथी पावसात कुजते आणि माणूस हिरमुसतो.

कोथिंबिरीसाठी स्वयंपाकघरातलेच धने घ्या, चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नका. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत भाजीला होते. दोन क्रेट असतील तर पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे एक कापताना दुसरा वाढत असतो. मिरचीचं बी पेरलं तर पाच-सहा आठवड्यांनी रोप कुंडीत लावा. पुढे दोन-अडीच महिन्यांत मिरच्या सुरू होतात आणि बरेच महिने चालतात.

फुलांचं गणित सणांवर बसवलेलं बरं. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर दसऱ्याच्या तीन महिने आधी बी टाका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. खुडताना जीवावर येतं, पण न खुडलेल्या रोपावर एक मोठं फूल आणि खुडलेल्यावर पंधरा-वीस, हा फरक आहे. मागच्या दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवून त्यांचं बी पेरता येतं. संकरित जातींची असतील तर फुलं आईबापासारखी येतीलच असं नाही, तेवढी तयारी ठेवा.

शेवंतीला दिवस लहान आणि रात्र मोठी लागते, तेव्हाच ती कळ्या धरते. हे मला माहीत नव्हतं. गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असायचा आणि त्याखालची शेवंती नुसती पानांनी माजली. तिचीच बहीण दुसऱ्या टोकाला अंधारात दिवाळीला फुलून गेली होती. दिवा बंद करायला लागल्यावर महिन्या-दीड महिन्याने कळ्या आल्या. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड थेट येत असेल तर शेवंती आत कोपऱ्यात हलवा.

मोगऱ्याला संक्रांतीनंतर छाटा, उरलेली पानं काढा, आठ-दहा दिवस पाणी अगदी कमी करा. मग खत घालून भरपूर पाणी. मार्चपासून गॅलरीत बसायला वेगळं कारण लागत नाही. अबोलीला फारसं काहीच करावं लागत नाही. तिच्या वाळलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तड्कन फुटून बी लांब उडवतात. घरात लहान मूल असेल तर हा खेळ जरूर दाखवा.

फुलं भाजीच्या कामाला लावा

‘झेंडू लावला की कीड येत नाही’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. अर्धसत्य आहे. शेतात टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावतात तो सापळा म्हणून: फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. त्यासाठी टोमॅटो फुलावर येताना झेंडूही फुलावर लागतो, म्हणून तो पंधरा-वीस दिवस वयाने मोठा निवडतात. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) कमी होतात हेही खरं. पण गॅलरीतल्या दोन कुंड्यांत याचा फार आधार धरू नका. उलट उन्हाळ्यात लाल कोळी ही बारीक कीड आधी झेंडूवरच येते आणि मग मिरचीवर उतरते. झेंडू लावा तो तोरणासाठी.

भाजीला खरी मदत होते ती जुन्या कोथिंबिरीची. कापून निबर झालेल्या कोथिंबिरीतली चार-पाच रोपं उपटू नका. पांढरी छत्रीसारखी फुलं येऊ द्या. त्यावर बारीक, हवेत तरंगणाऱ्या माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा ही कीड खातात. शेवटी धनेही मिळतात. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, त्यातल्या दोन-तीन ठेवल्या तर सातेरी मधमाश्या आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या हजर होतात.

या निळ्या पट्ट्यांच्या माशीचं टोमॅटो-वांग्याशी खास नातं आहे. या फुलांचे परागकण हलवून सांडावे लागतात. ही माशी आणि मोठा काळा भुंगा फुलाला धरून गुणगुणतात, त्या थरथरीने पराग झडतात. पाचव्या-सहाव्या मजल्यावर ते पोचतीलच असं नाही. मग सकाळी दहाच्या सुमारास फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मारायची. काकडी-कारल्यात नर आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवा. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं हे काम दिवेलागणीला करावं लागतं.

खत सगळ्यांना सारखं घालू नका

नत्र जास्त झालं की पानं माजतात. पालेभाजीला ते हवंच असतं, मोगऱ्याला आणि मिरचीला कळ्या यायच्या वेळी नको असतं. आमच्याकडे शेंगदाण्याची पेंड तीन दिवस पाण्यात भिजवतो, त्यात दहापट पाणी घालतो आणि पंधरा दिवसांनी एकदा क्रेटला देतो. वास येतो, त्यामुळे पाहुणे यायच्या दिवशी हे करू नये. फळ-फुलांच्या कुंड्यांना महिन्याला दोन मुठी गांडूळखत, आणि कळ्या दिसल्या की चिमूटभर चुलीतली राख, मिळाली तर. केळ्याच्या सालींचं पाणी सध्या फार बोकाळलंय. माझ्या मते सालीचे बारीक तुकडे करून कंपोस्टात टाकणं त्याहून बरं, चिलटं तरी होत नाहीत.

कीड आणि खाण्याची काळजी

जास्वंद आणि मिरची यांच्यात अंतर ठेवण्याचं कारण पिठ्या ढेकूण. तो जास्वंदीवर आधी येतो आणि मुंग्या त्याला खांद्यावरून शेजारी पोचवतात. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. पसरला असेल तर १ लिटर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, ऊन उतरल्यावर फवारा. मिरचीची पानं वळून आकसली तर तो चुरडा-मुरडा. एखाद-दुसरा शेंडा असेल तर खुडून टाका आणि नीम फवारा. सगळं झाडच आकसलं असेल तर मोह न धरता उपटा, नाहीतर शेजारची मिरचीही जाते.

फुलं आणि भाजी एकत्र असली की एक धोका वाढतो: मुलं आणि पाहुणे सगळंच खाण्यासारखं समजतात. कण्हेर, अडेनियम आणि सदाफुली विषारी आहेत. लावायचीच असतील तर भाजीपासून लांब, वेगळ्या बाजूला. अळू लावताना भाजीचंच आहे याची खात्री करून कंद आणा. नर्सरीतलं लाल-गुलाबी ठिपक्यांचं शोभेचं अळू खायचं नसतं. आणि नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या पहिल्या बहराचा गुलकंद करू नका, त्यावर काय फवारलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. ती फुलं देवाला वाहा, दोन-तीन महिन्यांनी आपल्या मातीत आलेल्या नव्या फांद्यांवरची फुलं वापरा. घरच्या गोकर्णाची पाच-सहा ताजी फुलं मात्र कपभर गरम पाण्यात टाकून बघा. पाणी निळंशार होतं, लिंबू पिळलं की जांभळं.

महिन्यातून एकदा जागाबदल

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कुंड्या हलतात. बहर संपलेला मोगरा ऑगस्टमध्ये दुसऱ्या रांगेत जातो आणि त्याच्या जागी झेंडू येतो. झेंडू दिवाळीनंतर उपटला की तिथे चेरी टोमॅटो. मार्चमध्ये टोमॅटो संपतो तेव्हा मोगरा परत पुढे, कळ्यांसकट. मागच्या रविवारी पहिल्या रांगेत एक जागा रिकामी झाली. आईने गावठी गुलाबाची काडी आणून ठेवली होती, मी वांग्याचं रोप. खडूची रेघ बघितली, तिथे सध्या साडेतीन तासच ऊन येतंय. वांग्याचं रोप खालच्या मजल्यावर दिलं, त्यांची गॅलरी दक्षिणेला आहे. बदल्यात गवती चहाचा ठोंब आला, आणि काडी अजून पाण्यातच आहे.